जड धातूंपासून पिकांचे रक्षण : चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत भूसुधारकांचा उपयोग

नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरील गाव कांद्याच्या बाजाराकरिता सर्वत्र परिचित आहे. तेथे कांद्याचा भाव ठरतो तो आकार, रंग, वाळवण आणि टिकाऊपणा यांवरून. परंतु शेतमालात असाही एक दोष असू शकतो की जो डोळ्यांना दिसत नाही व जिभेला कळत नाही, आणि तरीही खाणाऱ्याच्या शरीरात वर्षानुवर्षे साठत जातो. हा दोष म्हणजे जड धातूंचा अंश होय. परदेशी पाठविल्या जाणाऱ्या मालाची याबाबत तपासणी होते. देशातही अन्नातील अशा धातूंवर कायद्याने मर्यादा घातलेल्या आहेत.

या दोषावर उपाय म्हणून जमिनीत चुना, सेंद्रिय खत, जिप्सम, स्फुरद इत्यादी भूसुधारके घालण्यास सांगितले जाते. उपाय चांगले आहेत. परंतु ते सर्व जमिनींना सारखेच लागू पडत नाहीत. एका प्रदेशात गुणकारी ठरलेले भूसुधारक दुसऱ्या प्रदेशात निरुपयोगी ठरते, क्वचित अपायकारकही होते. यास्तव घोडेगाव व त्याच्या आसपासच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कोणता उपाय करावा व कोणता करू नये, याचा विचार येथे केला आहे.

जड धातू म्हणजे काय?

कॅडमियम, शिसे, पारा, क्रोमियम आणि निकेल यांना सामान्यतः जड धातू म्हणतात. आर्सेनिक हा शास्त्रीय दृष्ट्या पूर्ण धातू नसला तरी त्याची गणना याच वर्गात केली जाते. जस्त व तांबे हेही जड धातूच होत. परंतु अल्प प्रमाणात ते पिकास आवश्यक असतात व अतिरेक झाला म्हणजेच घातक ठरतात. कॅडमियमची गोष्ट निराळी आहे. त्याचा पिकाला वा माणसाला काही उपयोग नाही. ते मूत्रपिंडात साठते आणि पुढे हाडेही ठिसूळ करते. शिशामुळे विशेषतः लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीस हानी पोचते.

जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात कामिओका येथील खाणीतून निघालेले कॅडमियम नदीच्या पाण्याबरोबर भातखाचरांत उतरले. तेथील भात वर्षानुवर्षे खाल्ल्याने, विशेषतः वयस्क स्त्रियांना, असह्य वेदनांचा हाडांचा रोग जडला. १९६८ मध्ये जपान सरकारने त्याचे कारण अधिकृतपणे मान्य केले. त्या खाचरांची माती सुधारण्याचे काम १९७९ मध्ये सुरू झाले व २०१२ मध्ये पुरे झाले. ८०० हेक्टरांहून अधिक जमिनीकरिता तीन दशकांहून अधिक काळ लागला. जमिनीत धातू शिरण्यास वेळ लागत नाही. तो निपटून काढणे मात्र एका पिढीचे काम होऊन बसते, हे यावरून ध्यानात यावे.

धातू जमिनीत किती येतो व किती जातो?

हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २० लाख किलो माती असते. अशा मातीत किलोमागे १ मिलिग्रॅम धातू वाढावयाचा म्हणजे हेक्टरी २ किलो धातू पडावा लागतो. हे प्रमाण मोठे वाटेल, परंतु थोडे थोडे करून ते कसे साचते ते पाहावे.

शहरातील कचऱ्यापासून तयार केलेल्या कंपोस्ट खतासाठी खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये मर्यादा ठरविल्या आहेत. किलोमागे कॅडमियम ५, शिसे १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नये. समजा, अगदी मर्यादेइतके कॅडमियम असलेले कंपोस्ट हेक्टरी १० टन घातले, तर त्याबरोबर ५० ग्रॅम कॅडमियम जमिनीत पडेल. वीस वर्षे असेच चालल्यास १ किलो कॅडमियम साठेल, म्हणजे मातीतील त्याचे प्रमाण किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमने वाढेल. मर्यादेच्या आतील खताचा हा हिशेब आहे. चाचणी न केलेला कचरा किंवा गटाराचा गाळ वापरल्यास काय होईल, याची कल्पना करता येईल.

आता जमिनीतून बाहेर किती जाते ते पाहू. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांप्रमाणे कांद्यासारख्या कंदभाजीत किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम चालते. हेक्टरी २५ टन कांदा निघाला व त्यात या मर्यादेइतके कॅडमियम असले, तरी त्या पिकाबरोबर केवळ सव्वा ग्रॅम कॅडमियम शेताबाहेर जाईल. म्हणजे एका वर्षी पडलेले ५० ग्रॅम निघून जाण्यास अशी चाळीस पिके घ्यावी लागतील. क्षार पाण्याने धुऊन काढता येतात, तणे उपटता येतात, कीड मारता येते. धातू मात्र जेथे पडतो तेथेच राहतो. भूसुधारक त्याला जमिनीबाहेर काढीत नाही, तर तो पिकाच्या मुळांना सहज मिळू नये अशा रीतीने बांधून ठेवतो. भूसुधारकाची ही मर्यादा आरंभीच समजून घ्यावी.

धातू येण्याचे मार्ग

घोडेगाव परिसरास लाभलेल्या मुळा नदीचा उगम अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या रांगांत आहे. राहुरी तालुक्यातील बारागाव नांदूर येथे तिच्यावर धरण असून तेथून निघणाऱ्या उजव्या कालव्याचे क्षेत्र राहुरी, नेवासे, शेवगाव व पाथर्डी या तालुक्यांत पसरले आहे. ही मुळा पुण्याच्या मुळा-मुठेहून निराळी आहे. या धरणाच्या वरच्या अंगास मोठे औद्योगिक शहर नाही. त्यामुळे शहरांच्या खालच्या अंगास नदीनाल्यांच्या सांडपाण्यावर भाजीपाला पिकविणाऱ्या गावांस जी भीती असते, तशी ती कालव्याच्या पाण्यापासून येथे मानण्याचे कारण नाही.

येथे लक्ष ठेवावयाचे ते गाडीतून शेतावर येणाऱ्या मालावर. शहरातील कचरा व त्याचे कंपोस्ट, सांडपाण्याचा गाळ, कारखान्यांची राख, जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या जागेची माती, स्वस्तात मिळणारी अप्रमाणित सूक्ष्म अन्नद्रव्ये ही धातू येण्याची मुख्य द्वारे होत. कोंबडी खतातही खाद्यातून आलेले तांबे व जस्त अधिक असू शकते.

सुपर फॉस्फेट व इतर स्फुरदयुक्त खते खनिज दगडापासून होतात आणि त्या दगडातील कॅडमियम काही अंशी खतात उतरते. ते किती असेल हे दगड कोणत्या खाणीतील आहे यावर अवलंबून असते. युरोपीय संघाने २०२२ पासून अशा खतांत स्फुरदाच्या (फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या) किलोमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा लागू केली आहे. या मर्यादेइतके कॅडमियम धरले तरी हेक्टरी ५० किलो स्फुरदाबरोबर ३ ग्रॅम कॅडमियम पडेल. म्हणून स्फुरद देणे सोडावे असे नव्हे. मातीच्या परीक्षणाप्रमाणे द्यावे, गरजेहून अधिक देऊ नये.

महामार्गालगतच्या शेतांबाबत एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतात २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. तत्पूर्वी धुरातून रस्त्याकडेला पडलेले शिसे मातीच्या वरच्या थरात टिकून राहते. शिसे मुळांतून वर फारसे चढत नाही. ते धुळीच्या रूपाने पानांवर बसते. यास्तव मेथी, पालक, कोथिंबीर यांसारख्या पालेभाज्या रस्त्याला लागून घेऊ नयेत व बाजारात नेण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने धुवाव्यात. कांद्याची बाहेरील टरफले काढून टाकली जात असल्याने त्याच्या बाबतीत ही धूळ तितकी बाधक होत नाही.

काळ्या जमिनीचा स्वभाव

दख्खनच्या पठारावरील काळी जमीन बेसॉल्ट खडकापासून बनली आहे. या खडकात तांबे, निकेल, क्रोमियम व जस्त निसर्गतःच बरेच असते. त्यामुळे मातीतील एकूण धातूंचा आकडा मोठा आला, तरी त्यावरून लगेच घाबरून जाऊ नये. हे धातू खनिजांच्या कणांत कोंडलेले असतात व मुळांना त्यांचा अल्प भागच मिळतो. पिकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो हा उपलब्ध भाग. प्रयोगशाळेत तो डी.टी.पी.ए. नावाच्या द्रावणाने वेगळा काढून मोजतात.

या जमिनीत चिकणमाती भरपूर असते, चुनखडीचे खडे व भुकटी असते आणि सामू बहुधा ८ च्या आसपास असतो. कॅडमियम, शिसे, निकेल व जस्त यांना अशी माती घट्ट धरून ठेवते. त्या मानाने आम्ल जमिनीत हे धातू सहज विरघळतात. म्हणून काळ्या जमिनीच्या शेतकऱ्यास निसर्गाने एक संरक्षण आधीच दिलेले आहे. ते टिकविणे हे पहिले काम होय.

चुना घालावा काय?

जगातील अनेक देशांत कॅडमियमवरील पहिला उपाय म्हणून जमिनीत चुना घालतात. आम्ल जमिनीत तो योग्यच आहे. कोकणातील जांभ्या जमिनीतही तो उपयोगी पडेल, कारण चुन्याने सामू वाढतो व धातू बांधला जातो. परंतु जेथे माती मुळातच चुनखडीयुक्त आहे, तेथे आणखी चुना टाकून लाभ होत नाही. उलट जस्त व लोह यांची उपलब्धता घटते आणि पिकाची नवी पाने पिवळी पडतात. नेवासे, राहुरी, शेवगाव या भागांतील चुनखडीयुक्त जमिनीत धातू बांधण्यासाठी चुना घालू नये.

याउलट अशी शंका घेतली जाते की कांद्याला शिफारशीप्रमाणे दिलेल्या गंधकामुळे जमीन आम्ल होऊन धातू मोकळे होतील. ही शंका येथे अनाठायी आहे. जमिनीतील चुनखडी गंधकापासून होणारे आम्ल मारून टाकते. त्यामुळे नेहमीच्या मात्रेने सामूत लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही.

उपयुक्त भूसुधारके

चांगले कुजलेले शेणखत. काळ्या जमिनीत धातू बांधण्याचे सर्वांत सुलभ साधन हेच होय. कुजून तयार झालेला ह्यूमस धातूंना धरून ठेवतो. विषारी रूपातील क्रोमियम सेंद्रिय द्रव्याच्या योगाने कमी घातक व न विरघळणाऱ्या रूपात बदलते. हेक्टरी २० टनांच्या आसपास शेणखत लागवडीपूर्वी मातीत चांगले मिसळावे. मात्र खत कच्चे असू नये. कच्च्या खतातून सुटणारी विद्राव्य सेंद्रिय द्रव्ये तांब्यासारख्या धातूंना पाण्याबरोबर वाहते ठेवतात. शिवाय सेंद्रिय पदार्थ हळूहळू जळून जातात, म्हणून हा उपाय एकदा करून भागत नाही. दरवर्षी शेणखत मिळत नसल्यास ताग किंवा धैंचा यांचे हिरवळीचे खत मधून मधून करावे.

जस्त. जस्त व कॅडमियम हे गुणधर्मांनी जवळचे धातू आहेत. मुळांत शिरण्याकरिता त्यांची चढाओढ चालते. जमिनीत जस्त कमी पडले म्हणजे कॅडमियमला वाट मोकळी होते. महाराष्ट्रातील पुष्कळ जमिनींत जस्ताची उणीव आढळते. डी.टी.पी.ए. चाचणीत किलोमागे ०.६ मिलिग्रॅमहून कमी जस्त आढळल्यास हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे. ते सुपर फॉस्फेटबरोबर एकत्र करू नये, कारण तसे केल्यास जस्त अविद्राव्य होते. झिंक सल्फेटमधील शिसे व कॅडमियम यांवर खत नियंत्रण आदेशाने मर्यादा घातल्या आहेत. म्हणून ते परवानाधारक दुकानातून, पावती घेऊनच खरेदी करावे. उपायासाठी आणलेल्या पोत्यातूनच अपाय शेतात येऊ नये.

स्फुरद. शिशाने बाधित झालेल्या जमिनीत स्फुरद दिल्यास शिसे व स्फुरद यांचे अत्यंत अविद्राव्य संयुग होते. परंतु जेथे आर्सेनिकची शंका आहे तेथे हाच उपाय उलटतो. स्फुरद आर्सेनिकला मातीच्या कणांवरून हुसकून लावते व ते पिकास अधिक मिळते. अशा ठिकाणी लोहयुक्त भूसुधारके उपयोगी पडतात. धातू कोणता हे समजल्यावाचून भूसुधारक निवडू नये, हे या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

कोळशाची भुकटी. तुरीच्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या कमी हवेत जाळून केलेला कोळसा धातू शोषून घेतो व दीर्घकाळ टिकतो. त्याचा सामू बहुधा चढा असल्याने चोपण जमिनीत तो वापरू नये. इतर जमिनीत प्रथम लहान वाफ्यावर पाहावा. रंग दिलेले लाकूड, रबर किंवा प्लास्टिक यांच्या राखेचा वापर कधीही करू नये.

क्षार व धातू यांचा संबंध

कालव्याखालील जमिनीत आणखी एका गोष्टीकडे लक्ष दिले पाहिजे. अतिरिक्त पाणी व अपुरा निचरा यांमुळे दख्खनच्या कालव्यांखालील जमिनी खारवट व चोपण होण्याचा अनुभव जुना आहे. या क्षारांतील क्लोराइडचा कॅडमियमशी संयोग होतो आणि मातीने धरून ठेवलेले कॅडमियम सुटून मुळांकडे जाऊ लागते. ऑस्ट्रेलियातील बटाट्याच्या शेतांत हा परिणाम दिसून आला आहे. तेथे सिंचनाच्या पाण्यात क्लोराइड अधिक असलेल्या भागांत कंदांतील कॅडमियमही वाढलेले आढळले. म्हणजे सामू चढा असूनही खारवट जमिनीत काळ्या मातीचे नैसर्गिक संरक्षण ढिले पडते.

यास्तव निचऱ्याचे चर काढणे, पाटपाण्याचा बेताने वापर करणे आणि खारट विहिरीचे पाणी कांदा व पालेभाज्यांना न देणे हे उपाय क्षारांप्रमाणेच धातूंविरुद्धही उपयोगी आहेत. जमीन चोपण असून विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असल्यास प्रयोगशाळेने सांगितलेल्या मात्रेत जिप्सम घालावे व निचऱ्याची सोय करून सोडियम धुऊन काढावे. केवळ जिप्सम टाकून चर न काढल्यास खर्च वाया जातो. स्फुरद खताच्या कारखान्यातील उपपदार्थ म्हणून मिळणारे फॉस्फोजिप्सम घ्यावयाचे असल्यास त्याची धातूंसाठी चाचणी झाली असल्याची खात्री करावी.

साखर कारखान्यातील गंधक-प्रक्रियेचे प्रेसमड चुनखडीयुक्त जमिनीस चालते. चुना-कर्बवायू प्रक्रियेचे प्रेसमड चुनामय असल्याने येथे टाळावे. आसवनीच्या स्पेंटवॉशवर कुजविलेल्या खतात क्षार व क्लोराइड अधिक असतात. म्हणून निचरा नसलेल्या शेतात असे खत घालू नये.

काम कोणत्या क्रमाने करावे?

पहिले काम चौकशीचे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शेतात काय काय पडले याची नोंद ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्याकडून घ्यावी. शहरी कचरा, गाळ, राख किंवा सांडपाणी यांपैकी काहीच पडले नसल्यास त्या शेताविषयी चिंता करण्याचे सहसा कारण नाही.

दुसरे काम नमुन्याचे. शंका असलेल्या शेतातून आठ-दहा ठिकाणची १५ सेंटिमीटरपर्यंतची माती घेऊन ती एकत्र करावी. नमुना घेताना जस्ताचा मुलामा दिलेले घमेले, गंजलेले फावडे किंवा रासायनिक खताची रिकामी गोणी वापरू नये. लाकडी किंवा प्लास्टिकचे साधन व स्वच्छ कापडी पिशवी घ्यावी. नेहमीच्या माती परीक्षणात कॅडमियम व शिसे पाहिले जात नाही. त्याची मागणी स्वतंत्रपणे करावी लागते. याबाबतचा सल्ला राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठ किंवा दहिगाव-ने व बाभळेश्वर येथील कृषि विज्ञान केंद्रांकडून घ्यावा.

तिसरे काम पिकाच्या निवडीचे. धातू सर्वाधिक साठतो तो पालेभाज्यांच्या पानांत. मूळवर्गीय भाज्यांचा क्रम त्यानंतरचा असून टोमॅटो, भेंडी यांसारख्या फळभाज्यांत व बहुतेक धान्यांत तो त्या मानाने कमी जातो. सूर्यफूल व तंबाखू मात्र कॅडमियम विशेष ओढतात. चाचणीत शेत बाधित आढळल्यास तेथे पालेभाज्या बंद करून कपाशी किंवा फुलझाडे यांसारखी न खाल्ली जाणारी पिके घ्यावीत.

चौथे काम प्रयोगाचे. सबंध शेतावर खर्च करण्यापूर्वी शेजारशेजारचे दोन वाफे आखावे. एकात भूसुधारक घालावे व दुसरा तसाच ठेवावा. बी, पाणी व इतर खत दोहोंस सारखेच द्यावे. काढणीच्या वेळी दोन्ही वाफ्यांतील खाण्याजोगा भाग धुऊन, वेगवेगळा तपासून घ्यावा. मातीचा अहवाल हा केवळ संकेत होय. अंतिम निर्णय पिकाच्या अहवालावरून करावयाचा असतो. ज्या भूसुधारकाने पिकातील धातू प्रत्यक्ष घटला, तेच पुढे सर्व शेतास वापरावे आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासणी करावी.

उपसंहार

भूसुधारके ही बाधित जमिनीस आधार देणारी साधने होत. जमिनीत धातू भरीत राहण्याचा तो परवाना नव्हे. काळी जमीन धातू धरून ठेवते याचा अर्थ ती त्याचा नाश करते असा नाही. आज बांधून ठेवलेला धातू उद्या जमीन खारावल्यास पुन्हा मोकळा होऊ शकतो. म्हणून सेंद्रिय खताचा नियमित पुरवठा, चांगला निचरा व जस्ताची योग्य मात्रा यांनी जमिनीचे बळ राखावे. आणि बाहेरील खताची गाडी बांधावर रिकामी होण्यापूर्वी त्या खताचा चाचणी-अहवाल मागावा. अहवाल मिळत नसेल तर गाडी परत पाठवावी. त्या एका दिवशी थोडी गैरसोय होईल. परंतु चाळीस पिकांनीही न फिटणारे ऋण जमिनीवर चढणार नाही.